इराणचे फोटोग्राफर रस्ता सोडून घरात का शिरले?

प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारा मुलगा फोटोग्राफीचा कोर्स करतोय, प्रोजेक्टला त्याने आजची इराणी फोटोग्राफी घेतलीये आणि त्याची तक्रार अशी की जे फोटो सापडतात त्यातले निम्मे तरी रचलेले असतात, माणूस उभा करून, कपडे चढवून, लाइट लावून काढलेले. देशात एवढी उलथापालथ चाललीये आणि ही मंडळी स्टुडिओत काय करतायत, याला डॉक्युमेंटरी म्हणायचं की फॅशन, आणि सुरुवात कुणापासून करू, असं त्याला विचारायचंय.

मी बरीच वर्षं पेपरच्या फोटो डेस्कवर काढली, आता शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दर बॅचला कुणीतरी काढतंच. आपल्याकडे इराण म्हटलं की लोकांना एक तर इराण्याकडचा चहा आठवतो नाहीतर फिल्म फेस्टिव्हलला रांगा लावून बघितलेले सिनेमे. त्यातले बरेच सिनेमे काढणारे दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामी स्वतः फोटोग्राफरही होते, बर्फ, झाडं, वळणाचे रस्ते असे त्यांचे फोटो आहेत, हे मात्र त्या रांगेतल्या फार जणांना माहीत नसतं. असो, मुद्द्यावर येते.

ज्यांना तुम्ही स्टुडिओवाले समजताय त्यातले कितीतरी जण मुळात पेपरचे, रस्त्यावरचे लोक आहेत. न्यूशा तवाकोलियान घ्या. १९८१ चा जन्म, सोळाव्या वर्षी तेहरानमध्ये ‘ज़न’ नावाच्या बायकांच्या दैनिकात लागली, १९९९ च्या जुलैमध्ये विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं तेव्हा ही अठरा वर्षांची पोरगी कॅमेरा घेऊन त्या गर्दीत होती. तो पेपर त्याच वर्षी बंद पाडला गेला. पुढची दहा वर्षं तिने बातमीचंच काम केलं, २००३ चं इराक युद्धसुद्धा कव्हर केलं, आणि २००९ च्या निवडणुकीनंतर तेहरानच्या रस्त्यावर काम करणं जवळजवळ अशक्य झालं तेव्हा ती घराकडे वळली. म्हणजे हौस म्हणून नाही, रस्ता बंद झाला म्हणून. त्यामुळे ‘खरा का रचलेला’ एवढंच विचारून इराणच्या बाबतीत फार काही हाती लागत नाही. मी मुलांना सांगते, फोटो काढणारा कुठे उभा होता आणि तिथून त्याला काय काढायची सोय नव्हती ते आधी बघा, आणि मग खालची कॅप्शन कुणी लिहिली ते बघा.

यासाठी जरा मागे जावं लागेल, १९७९ ला.

२७ ऑगस्ट १९७९, कुर्दिस्तानातलं सनंदज, तिथला विमानतळ. शाहला हटवून खोमेनींची इस्लामी राजवट आणणारी क्रांती होऊन सहा-सात महिने झालेत आणि नव्या राजवटीचे लोक अकरा जणांना गोळ्या घालतायत. फोटोत एका बाजूला नेम धरलेले बंदूकवाले, समोर डोळ्यांना पट्ट्या बांधलेली माणसं, गोळी सुटण्याच्या क्षणाला काढलेली फ्रेम, त्यामुळे काही जण कोसळताना दिसतात आणि उजव्या टोकाचा एक माणूस, हाताला बँडेज बांधलेला, अजून सरळ उभा आहे. मी हा फोटो वर्गात दाखवते तेव्हा सगळ्यांची नजर आधी बंदुकांवर जाते आणि मग त्या बँडेजवर येऊन अडकते, कारण ज्याला मिनिटभरात मारायचंय त्याच्या हाताला कुणीतरी मलमपट्टी केलेली असते.

फोटो जहांगीर रझमी यांचा. ‘इत्तेलाआत’ दैनिकात तो छापून आला, पण त्यांचं नाव न देता, संपादकांनी ते मुद्दाम काढलं होतं. यूपीआय या एजन्सीने तो जगभर पाठवला आणि १९८० चं पुलित्झर, म्हणजे पत्रकारितेतलं अमेरिकेचं मोठं बक्षीस, मिळालं कुणाला, तर ‘यूपीआयचा अनामिक फोटोग्राफर’ याला. खरं नाव जाहीर झालं २००६ मध्ये. आमच्याकडे डेस्कवर क्रेडिट लाइन बारीक टाइपात गेली म्हणून भांडणं व्हायची आणि इथे नाव न छापणं हाच त्या माणसाला वाचवायचा मार्ग होता. अनामिक हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे परत परत येणार आहे.

त्याच वर्षीचा दुसरा किस्सा. ८ मार्च १९७९. आदल्याच दिवशी खोमेनींनी सरकारी ऑफिसात काम करणाऱ्या बायकांनी हिजाब घालावा असं जाहीर केलेलं, आणि त्या बर्फाच्या दिवशी तेहरानच्या रस्त्यावर बायकांचे लोंढे उतरले, ऑफिसातल्या, नर्स, विद्यार्थिनी, काही चादोर, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचं कापड, घातलेल्यासुद्धा. हेंगामेह गोलेस्तान ही फोटोग्राफर त्या वेळी सत्ताविशीची, दिवसभर त्यांच्यात फिरून फोटो काढत होती. हे फोटो त्या काळात छापून आले नाहीत, कितीतरी वर्षं तसेच पडून होते, लंडनमध्ये त्यांचं प्रदर्शन लागलं ते २०१५ ला. तिचा नवरा कावेह गोलेस्तान, त्याने क्रांतीच्या आधी तेहरानच्या वेश्यावस्तीत, शहर-ए-नोमध्ये, जे पोर्ट्रेट काढले त्यांच्याशिवाय इराणी डॉक्युमेंटरीची गोष्ट पुरीच होत नाही. ती वस्ती १९७९ मध्ये जाळली गेली, नंतर भुईसपाट केली. कावेह २००३ च्या एप्रिलमध्ये उत्तर इराकात बीबीसीसाठी काम करताना भूसुरुंगावर पाय पडून गेला.

सप्टेंबर १९८० मध्ये इराकने हल्ला केला आणि युद्ध चाललं आठ वर्षं. तुमच्या प्रोजेक्टमधली पिढी ही, क्रांतीच्या आगेमागे जन्मलेली आणि युद्धात शाळेत गेलेली. किती मोठी पिढी याचा अंदाज यावा म्हणून सांगते, १९७६ च्या जनगणनेत इराणची लोकसंख्या साधारण ३.४ कोटी होती, १९८६ ला ४.९ कोटी. थोडे अफगाण निर्वासित त्यात धरले तरी बाकी सगळी पोरंच. शाळा दोन-दोन, तीन-तीन पाळ्यांत भरायच्या, रस्त्यांना शहिदांची नावं दिली जायची, भिंतीवर शहिदांची भली मोठी चित्रं, आणि १९८८ मध्ये खुद्द तेहरानवर क्षेपणास्त्रं पडत होती. युद्धाचा फोटो त्यांना पेपरात बघायला लागला नाही, तो रोज शाळेत जाता-येता भिंतीवर होता. या मंडळींनी मोठं झाल्यावर युद्धाचा नेहमीचा फोटो का काढला नाही, याचं अर्धं उत्तर मला वाटतं यातच आहे. तो फोटो सरकारने आधीच भिंतीवर रंगवून ठेवला होता, तुम्ही अजून एक काढून काय करणार?

रस्त्यावरचे ते जुने फोटोग्राफर आणि ही पिढी यांच्यातला दुवा म्हणजे फोटोग्राफर बहमन जलाली. यांनी आणि त्यांची बायको राना जवादी यांनी क्रांतीचे दिवस टिपले, जलालींनी खोर्रमशहरसारखी युद्धात उद्ध्वस्त झालेली शहरं टिपली, पण माझ्या मते त्यांचं मोठं काम नंतरचं. ते शिकवायला लागले आणि जुन्या काचेच्या निगेटिव्ह, जुन्या स्टुडिओंचे फोटो गोळा करून जपायला लागले. इराणमध्ये फोटोग्राफी १८४० च्या दशकातच पोचली होती, एकोणिसाव्या शतकात इराणवर राज्य करणाऱ्या कजार घराण्यातला नासिर-अल-दीन शाह स्वतः फोटो काढायचा, अगदी जनानखान्यातलेसुद्धा, आणि तेहरानच्या गोलेस्तान राजवाड्यात त्या अल्बमांचा खजिना आहे. जलालींच्या विद्यार्थ्यांना हा खजिना जवळून बघायला मिळाला.

त्यांच्याच एका विद्यार्थिनीने, शादी गदीरियनने, १९९८ मध्ये ‘कजार’ ही सिरीज सुरू केली. तुम्ही ती नक्की बघितली असेल पण आता परत उघडा आणि नीट बघा. सेपिया रंग, मागे जुन्या स्टुडिओत असायचा तसा रंगवलेला पडदा, समोर कजार काळातल्या पेहरावातली बाई, जाड जोडलेल्या भुवया, चेहऱ्यावर जुन्या फोटोत असतो तसा ताठ गंभीरपणा. आणि हातात पेप्सीचा कॅन. दुसरीच्या खांद्यावर मोठा टेपरेकॉर्डर. तिसरीच्या बाजूला व्हॅक्युम क्लीनर. बघणारा हसतो, मग कळतं की ती बाई हसत नाहीये. तेव्हा सुधारणावादी राष्ट्राध्यक्ष खातमी निवडून येऊन वर्षच झालं होतं, नवे पेपर भराभर निघत होते, हवा जरा मोकळी वाटत होती, तरी या मुली शंभर वर्षांपूर्वीच्या पडद्यासमोर उभ्या. हे रस्त्यावर उभं राहून काढता येईल का? रस्त्यावर फार तर पेप्सी पिणारी बाई दिसेल.

तिचीच पुढची सिरीज, ‘रोजच्यासारखं’. फुलाफुलांच्या कापडाची चादोर घेतलेली बाई, आणि चेहऱ्याच्या जागी इस्त्री, किंवा झाडू, किसणी, रबरी हातमोजा. लग्नात मिळालेल्या भेटवस्तू बघून तिला हे सुचलं. पाश्चात्त्य गॅलऱ्यांनी यावर ‘दबलेली मुस्लिम स्त्री’ असं लेबल चिकटवलं, पण माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली घरी ताईच्या रुखवतात मिक्सर आणि डिनर सेट मांडलेला बघून आलेल्या आहेत, त्या किसणीवाला फोटो बघून खिदळायला लागतात, त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. मग २००८ ची ‘निल, निल’. यात माणूसच नाही, फक्त घर. फळांच्या वाडग्यात हातबॉम्ब, लाल हाय हील्सच्या शेजारी मिलिटरीचे बूट, बाईच्या पर्समध्ये गोळ्या. युद्ध संपून वीस वर्षं झाली होती.

गोहर दश्ती ही फोटोग्राफर १९८० ची, गाव अहवाझ, म्हणजे इराकच्या सीमेजवळचं, युद्ध दारातच. तिने २००८ मध्ये एका बनावट रणांगणावर एक जोडपं नेऊन उभं केलं आणि त्यांच्याकडून संसार करून घेतला. काटेरी तारेवर धुणं वाळत घालतायत, मोडक्यातोडक्या गाडीत नवरा-नवरी होऊन बसलेत. दोघांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. ना रडणं, ना भीती. मला ही सिरीज गदीरियनच्या ‘निल, निल’पेक्षा जास्त आवडते, कारण तिथे वस्तू बोलतात आणि चटकन कळतं, इथे ते दोघं नुसते आपलं काम उरकतायत आणि बघणाऱ्याला काय वाटून घ्यायचं ते कळत नाही. २०२५ च्या जूनमध्ये बारा दिवसांचं इस्रायलशी युद्ध झालं तेव्हा मला हेच फोटो आठवत होते.

आता रस्त्याचं काय झालं ते सांगते. २३ जून २००३ ला झहरा काझमी या इराणी-कॅनेडियन फोटोग्राफरला एविन तुरुंगाबाहेर कैद्यांच्या नातेवाइकांचे फोटो काढताना पकडलं, अठरा-एकोणीस दिवसांनी कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला. २००९ च्या जूनमध्ये निवडणुकीच्या निकालावरून लाखो लोक रस्त्यावर आले, परदेशी पत्रकारांना बाहेर काढलं गेलं, स्थानिक फोटोग्राफर उचलले गेले, मजीद सईदी त्यातलेच एक. २० जूनला नेदा आगा-सोल्तान या मुलीला गोळी लागली आणि तिच्या मृत्यूचा मोबाइलवरचा व्हिडिओ जगभर फिरला. त्याला अमेरिकेतलं जॉर्ज पोल्क अवॉर्ड मिळालं, आणि कुणाला मिळालं? परत अनामिकाला. त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा पहिला नंबर इटलीच्या पिएत्रो मासतुर्झोच्या फोटोला गेला, रात्री गच्चीवर उभं राहून घोषणा देणाऱ्या बायका. तोही वरून, अंधारातून, लांबून काढलेला. कॅमेरा खाली रस्त्यावर टिकूच शकत नव्हता.

२००९ च्या या मोबाइल व्हिडिओंमुळेच फोटोग्राफर आझादेह अखलागीच्या डोक्यात किडा वळवळला. आत्ताच्या मरणाला निदान साक्षीदार आहे, आधीच्यांचं काय? इराणच्या इतिहासात किती माणसं अशी गेली जिथे कॅमेरा नव्हता. मग तिने साधारण तीन वर्षं अर्काइव्ह, जुने पेपर, आठवणी धुंडाळल्या आणि सतरा मृत्यू परत उभे केले, पूर्ण सिनेमासारखं युनिट लावून, नट, कपडे, जुन्या गाड्या सगळं. १९०८ पासूनचे. ७ डिसेंबर १९५३ ला तेहरान युनिव्हर्सिटीत गोळीबारात मेलेले तीन विद्यार्थी, १९६७ मध्ये जीपच्या अपघातात गेलेली कवयित्री फोरुग फार्रोखजाद, हॉटेलच्या खोलीत मेलेला सापडलेला पैलवान तख्ती, ज्याचा मृत्यू आत्महत्या का खून यावर इराणी लोक अजून वाद घालतात. प्रत्येक फोटोत गर्दीत कुठेतरी लाल स्कार्फ घातलेली एक बाई आहे, ती स्वतः अखलागी. मुलांना मी हा व्यायाम देते, आधी लाल स्कार्फ शोधा, मग ती कुणाकडे बघतेय ते बघा. सिरीजचं नाव ‘प्रत्यक्षदर्शीकडून’, आणि ती २०१३ मध्ये तेहरानमध्येच, मोहसेन गॅलरीत लागली. आता सांगा, ही फॅशन का? मला तर ही बातमीदारीच वाटते, फक्त पन्नास-शंभर वर्षं उशिरा पोचलेली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करते कारण कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच. रचलेला फोटो आणि खोटा फोटो यात फरक आहे. अखलागी, दश्ती, गदीरियन सरळ सांगतात की आम्ही रचलंय. पण कुणी बातमी म्हणून विकायच्या फोटोत माणसांना इकडून तिकडे उभं केलं आणि सांगितलं नाही, तर ते इराण असो नाहीतर इचलकरंजी, मी डेस्कवर असते तर तो फोटो गेला नसता. तिथे परिस्थितीचं कारण चालत नाही.

आता तवाकोलियानकडे परत. २०१०-११ ची ‘ऐका’. इराणमध्ये क्रांतीपासून बाईने पुरुषांसमोर एकटीने गाणं म्हणायला बंदी. तिने सहा व्यावसायिक गायिका घेतल्या, मागे चकचकीत टिकल्यांचा पडदा, आणि त्यांना पूर्ण ताकदीने गायला लावलं. डोळे मिटलेले, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या आणि आवाज नाही, फोटोच तो. सोबतचा व्हिडिओसुद्धा मुका. शिवाय प्रत्येकीसाठी कधीच न निघणाऱ्या सीडीचं कव्हर बनवलं, त्यातलं हातात लाल बॉक्सिंग ग्लोव्ह घालून रस्त्यात उभी असलेली मुलगी हे सगळ्यात जास्त फिरलेलं. डॉक्युमेंटरीवाल्याने इथे काय काढलं असतं? बंद दाराआडची मैफल, आणि ती छापून आली की सहाजणींवर केस.

‘बघा’ ही नंतरची, २०१२-१३. कॅमेरा तिच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये, खिडकीसमोर फिक्स. मागे समोरच्या बिल्डिंगांच्या खिडक्या. तिच्याच बिल्डिंगमधली माणसं, वर्षानुवर्षं ओळखीची, एकेक करून त्या खिडकीपुढे येऊन बसतात, सहा महिने, संध्याकाळी आठची वेळ. फ्रेम तीच, उजेड तोच, माणूस बदलतो. त्या वेळी निर्बंधांमुळे रियाल कोसळत होता, नोकऱ्या नव्हत्या, शिकलेली पोरं परदेशाच्या व्हिसाची वाट बघत बसलेली. यातलं काहीही फोटोत दाखवलेलं नाही पण सगळं दिसतं. मध्यमवर्गीय तेहरानचा यापेक्षा प्रामाणिक फोटो मी बघितलेला नाही आणि तो काढायला तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावं लागलं नाही. तुम्हाला एकच सिरीज घ्यायची असेल तर ही घ्या.

आता कॅप्शनचा मुद्दा, कारण फोटोग्राफीचे कोर्स हा सोडून देतात आणि इराणच्या बाबतीत तो सोडून चालतच नाही. २०१४ मध्ये तवाकोलियानला फ्रान्सचं कार्मिन्याक फाउंडेशनचं पन्नास हजार युरोचं अवॉर्ड मिळालं. तिचं काम होतं तिच्याच वयाच्या नऊ जणांवर, लहानपणीच्या अल्बममध्ये उरलेली कोरी पानं आपण भरू अशी कल्पना, नाव ‘एका इराणी फोटो अल्बमची कोरी पानं’. पैसे देणाऱ्या बँकरने फोटोंच्या निवडीत हात घातला आणि नाव बदलून ‘हरवलेली पिढी’ करायला सांगितलं. तिने सप्टेंबरमध्ये अवॉर्ड आणि पैसे दोन्ही परत केले. तेहरानात बसून, निर्बंधांच्या काळात, पन्नास हजार युरो. नंतर तडजोड झाली आणि काम तिच्याच नावाने बाहेर आलं. तिचं म्हणणं साधं होतं, ही माणसं जगतायत, तुम्ही त्यांना हरवलेली ठरवू नका. गंमत अशी की इराणी लोक स्वतः आपल्या या पिढीला ‘जळालेली पिढी’ म्हणतात, त्याच वर्षी लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये त्याच नावाचं इराणी फोटोग्राफीचं प्रदर्शन लागलं होतं आणि त्यात ती, अखलागी, दश्ती, गदीरियन सगळ्या होत्या. घरच्यांनी स्वतःला काय म्हणावं आणि पाहुण्याने काय म्हणावं, यात फरक असतोच की.

दुसरं उदाहरण फोटोग्राफर याल्दा मोआयेरी. ३० डिसेंबर २०१७, तेहरान युनिव्हर्सिटी, अश्रुधुराच्या ढगात मूठ वर केलेली विद्यार्थिनी. हा फोटो एजन्सीने नाव न देता जगभर पाठवला. २०१९ च्या फेब्रुवारीत क्रांतीला चाळीस वर्षं झाली तेव्हा ट्रम्प यांनी तोच फोटो आपल्या ट्वीटला लावून टाकला. तेव्हा मोआयेरीने पुढे येऊन सांगितलं की फोटो माझा आहे आणि तुम्ही मला विचारलं नव्हतं. म्हणजे देशात स्वतःचं नाव सांगायची चोरी, आणि देशाबाहेर ज्याला हवं तो आपलं राजकारण त्या फोटोखाली चिकटवणार. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तिला तेहरानच्या हिजाब नावाच्याच रस्त्यावर आंदोलन कव्हर करताना पकडलं, पुढे सहा वर्षांची शिक्षा सुनावली.

चादोर, बंदूक आणि चेहऱ्यावर फारसी अक्षरं हा जो ठरलेला साचा तुम्हाला सगळीकडे दिसतो त्याचं मूळ बरंचसं इराणी कलाकार शिरीन नेशात यांच्या १९९३ ते ९७ च्या ‘विमेन ऑफ अल्लाह’मध्ये आहे. त्या न्यू यॉर्कला राहतात. काम ताकदीचं आहे, त्यात वाद नाही, पण परदेशी क्युरेटरांना ते इतकं सोपं पडलं की पुढे कित्येक वर्षं इराणकडून हेच मागितलं गेलं. २००१ मध्ये तेहरानमध्ये अनाहिता गबाइयान यांनी सिल्क रोड ही फक्त फोटोग्राफीची गॅलरी काढली, आणि २०१७ ला फ्रान्समधल्या आर्लच्या फेस्टिव्हलमध्ये त्या आणि तवाकोलियान यांनी मिळून ६६ इराणी फोटोग्राफर मांडले. त्यानंतर तरी साचा जरा ढिला व्हायला हवा होता. थोडा झालाही.

आता २०२२. १६ सप्टेंबरला, हिजाब नीट घातला नाही म्हणून पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीचा कोठडीतून हॉस्पिटलमध्ये नेल्यानंतर मृत्यू झाला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये एकमेकांना धरून उभी असलेली तिच्या घरची माणसं, हा फोटो काढला निलूफर हमेदी या रिपोर्टरने, फोटोग्राफर नव्हेच ती, आणि त्यासाठी तिने एकूण साधारण सोळा-सतरा महिने तुरुंगात काढले, २०२४ च्या जानेवारीत जामीन मिळेपर्यंत. नंतर २६ ऑक्टोबरला, चाळिसाव्या दिवशी, सक्केझ या तिच्या गावच्या कबरस्तानाकडे हजारो लोक चालत निघालेत आणि गाडीच्या टपावर एक मुलगी उभी आहे, केस मोकळे, हात वर, पाठ आपल्याकडे. फोटोग्राफर अनामिक. त्याच काळात शाळकरी मुलींचे फोटो आले, वर्गात, फळ्यावरच्या नेत्यांच्या तसबिरींसमोर, स्कार्फ काढून, हातात हात घालून. सगळ्या पाठमोऱ्या.

पोर्ट्रेट म्हणजे चेहरा, हे आपण पहिल्या सेमिस्टरला शिकवतो. इथे चेहरा म्हणजे पुरावा, पोलिसांच्या हातात जाणारा. म्हणून मुलींनी पोर्ट्रेटची व्याख्याच फिरवली आणि तेही कुठल्या आर्ट कॉलेजात न जाता. आणि बघा, हे फोटोसुद्धा रचलेलेच आहेत की! कुणीतरी म्हणालं असणार, चला, अशा उभ्या राहा, मी मागून काढते. तुमच्या प्रश्नातली भिंत, एका बाजूला रचलेलं आणि दुसऱ्या बाजूला खरं, ती त्या वर्गात कुठे उभी करणार सांगा.

रस्त्यावर, गावोगाव जाऊन सरळ डॉक्युमेंटरी करणारे आजही आहेत, हे विसरू नका, नाहीतर तुमचा प्रोजेक्ट एकांगी होईल. फोरूग अलाई हिने खोट्या दाढ्या लावून फुटबॉल बघायला स्टेडियममध्ये घुसणाऱ्या मुली टिपल्या, २०१९ चं वर्ल्ड प्रेसचं बक्षीस मिळालं. सोलमाझ दरयानी उर्मिया सरोवर आटत गेलं त्यावर काम करतेय, हाशेम शाकेरीने सिस्तान-बलुचिस्तानातला दुष्काळ आणि तेहरानबाहेरच्या ओसाड नव्या वसाहती काढल्या, तहमीने मोंझवीने तेहरानमधल्या लग्नाचे ड्रेस शिवणाऱ्या पुरुषांच्या वर्कशॉपपासून बायकांच्या निवाऱ्यापर्यंत फिरून काम केलंय. अब्बास कौसरीचा काळी चादोर घालून दोरीवरून भिंत उतरणाऱ्या महिला पोलिसांचा फोटो तर बघाच, त्यात काहीही रचलेलं नाही आणि तरी सगळ्यात जास्त रचल्यासारखा तोच दिसतो.

सुरुवात कुठून करायची, तर माझा क्रम असा. आधी रझमींची ती एक फ्रेम आणि हेंगामेहचे ८ मार्चचे फोटो. मग ‘कजार’, मग दश्तीचं जोडपं, मग ‘बघा’. अखलागीला सगळ्यात शेवटी घ्या, कारण तोपर्यंत थोडा इतिहास माहीत झालेला असेल आणि नाहीतर ते नुसते भारी लाइटिंगचे सीन वाटतील. प्रत्येक सिरीजबरोबर ती कुठल्या वर्षी आणि पहिल्यांदा कुठे लागली, तेहरानात का पॅरिसला, हे लिहून काढा, निम्मं विश्लेषण तिथेच होतं.

आणि प्रोजेक्ट कॉलेजच्या भिंतीवर लावणार असाल तर दोन गोष्टी. इराण बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, नाही म्हणून फोटो उचलायला मोकळे आहेत असं कुणीतरी तुम्हाला सांगेल, तसलं काही करू नका, बहुतेक फोटोग्राफरांची वेबसाइट आहे, मेल टाका, विद्यार्थी आहे म्हणून सांगा, उत्तर येतं. निर्बंधांमुळे बाहेरून त्यांच्याकडे पैसे पोचवणंसुद्धा कटकटीचं असतं, मग निदान विचारायचं तरी. आणि २०२२ नंतरचे आंदोलनाचे फोटो घेताना ज्यात चेहरा ओळखू येतो ते मोठ्या मीडियात आधीच छापलेले नसतील तर घेऊ नका, कुठल्यातरी टेलिग्राम चॅनेलवरून उतरवलेले तर अजिबातच नको, पाठमोरे भरपूर आहेत.